पवनचक्कीचं सुतक

बाबा,

आधी हसण्याची गोष्ट सांगते, कारण तुम्ही असतात तर तीच दोनदा ऐकली असती. गेल्या महिन्यात मी एका चांगल्या धडधाकट होऊन घरी निघालेल्या माणसाला गावभर मेलेला जाहीर केलं. तोंडाने एक शब्द न बोलता. कसं ते सांगते, पण त्याआधी तुम्हाला हे सांगायला हवं की तुमची मुलगी नेदरलँड्समध्ये येऊन गिरणी चालवते. नोकरी आहे, ती युट्रेख्टला, खुर्चीत बसायची. पण शनिवारी सकाळी मी जुनी जीन्स चढवते आणि गावाच्या टोकाला असलेल्या पवनचक्कीत जाते. तुमचे जावई म्हणतात, "एवढं विमानाचं तिकीट काढून इकडे आलीस, ती दळणं दळायला?"

आमचं गाव लहान आहे. एक चर्च, त्याचा मनोरा जरासा कललेला; कालव्याचं पाणी उपसायचं एक विटांचं जुनं पंपघर; आणि ही पवनचक्की. तिन्हींच्या भिंतींवर वारसा-इमारतीची निळी-पांढरी छोटी पाटी आहे. ती पाटी लागली की खिडकीचा रंग बदलायलासुद्धा खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. आपल्याकडे जुनी इमारत दिसली की लोकांना तिथे कॉम्प्लेक्स दिसतं. इथे त्या नुसत्या जपत नाहीत, वापरात ठेवतात. चर्चमध्ये लग्नं लागतात, पंपघरात मुलांना पोहण्याचे धडे मिळाल्यावर कोको मिळतो, आणि पवनचक्कीत वारा असेल त्या शनिवारी गहू दळतात. ती हौशी लोक चालवतात. त्यासाठी शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. मी गेल्या वर्षी पास झाले. मला शिकवलं ते शेजारच्याच घरात एकटे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. मी मनात त्यांना गुरुजी म्हणते.

पहिल्या दिवशी आत शिरले तर गुरुजी माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलले, "तो स्कार्फ काढ." मी तिथेच उभी राहिले. कारण त्या क्षणी मी परत सातवीत आहे, शाळेतून थेट आपल्या गिरणीत आले आहे, तुमच्या पापण्या पिठाने पांढऱ्या झाल्या आहेत आणि मोटरच्या आवाजाच्या वरताण तुम्ही ओरडता आहात, "पट्ट्याजवळ ओढणी घेऊन येतेस? मुलगी एकच आहे मला!" रांगेतल्या बायकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही समजूत काढली नाहीत. फक्त पुढच्या शनिवारी मला आत बोलावून कापडी नळीतून पडणारं पीठ चिमटीत धरायला शिकवलंत. ज्वारी किती बारीक, पीठ गरम लागलं तर दगड किती सैल करायचे. गुरुजींनी माझ्या हातात पीठ दिलं तेव्हा मी न सांगता अंगठा आणि बोटांत चोळलं. ते म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी." पुण्याच्या कॉलेजात वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी "बिझनेस" म्हणायचे, आणि इथे ते नुसतं "घरी" म्हणताना मान ताठ झाली होती.

आता ती चूक. पवनचक्की थांबवताना पाती कशी उभी करायची याची इथे भाषा आहे. वरचं पातं अगदी माथ्यावर येण्याच्या जरासं आधी थांबवलं, की ते येणारं पातं: गावात आनंद आहे, कुणाचं लग्न, कुणाला बाळ. माथा ओलांडून जरासं पुढे थांबवलं, की ते गेलेलं: कोणीतरी वारलं. गावात फोन नव्हते तेव्हापासूनची ही पद्धत, आणि लोक अजून सायकलवरून जाताना मान वर करून बघतात. मी ते लक्षात ठेवलं ते आपल्या पद्धतीने. रस्त्यावरून पाहिलं की आनंदाचं पातं उजवीकडे झुकलेलं दिसतं. उजवं ते शुभ. नवी सून उजवा पाय आत टाकते, प्रसाद उजव्या हातात घेतात, हे कसं विसरेन? पाठ करायचीसुद्धा गरज वाटली नाही.

गुरुजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आम्ही सगळेच घाबरलो होतो, मी तर जास्तच. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, आवाज बारीक पण खट्याळ: "आज दुपारी घरी सोडतायत. पाती आनंदात ठेव, मला लांबून बघायचंय." मी सायकल अशी हाणली की विचारू नका. पण एरवी ब्रेकचा दोर ते ओढायचे आणि मी रस्त्यावर उभी राहून हात करायचे. त्या दिवशी मी एकटी, आणि दोर असतो चक्कीच्या मागे. मागून पाहिलं की सगळं उलटं. मी मागे उभी राहून, मोठ्या आनंदाने, वरचं पातं छान उजवीकडे थांबवलं, साखळी बांधली आणि त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू वळायला घरी गेले.

डबा घेऊन परत निघाले तर वाटेत समोरून शेजारीणबाई सायकलवर आल्या. उतरल्या, माझा हात धरला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "खेकोंडोलेर्त." हा शब्द इथे माणूस गेल्यावर जवळच्यांना म्हणतात. मी विचारलं, कोण? त्या म्हणाल्या, "तुला माहीत नाही? चक्की सांगतेय." आणि बाबा, मी विश्वास ठेवला! वाटलं, गाडीतच काहीतरी झालं, त्यांना आणायला गेलेल्या त्यांच्या मुलाने कुणाला तरी कळवलं, आणि कोणीतरी येऊन मी ठेवलेली पाती फिरवली. लेकीचा फोन आला, "आई, ते गेले?" मी फोन खिशात टाकला. सायकल चालवत राहिले. पुन्हा एकदा मी नसताना, माझ्यापासून लांब, एक माणूस गेला, एवढंच डोक्यात होतं.

त्यांच्या फाटकाशी पंधरा-वीस माणसं फुलं घेऊन उभी. चर्चची किल्ली सांभाळणारा माणूस घंटा वाजवायची का, हे विचारायला आलेला. मी मान वर केली. समोरून पाती पाहिली, आणि माझीच गाठ ओळखली. साखळीला तशी आपली पोत्याची गाठ इथे कोणी मारत नाही. तेवढ्यात मुलाची गाडी आली. काच खाली झाली आणि गुरुजींनी पात्यांकडे बघत विचारलं, "कोण गेलं?"

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी एकाच वेळी रडत आणि हसत सगळ्यांना उजव्या-डाव्याचं सांगत सुटले. गुरुजी छातीवरचे टाके धरून म्हणाले, "हसवू नकोस, उसवतील." फुलं आणलेल्यांनी ती त्यांनाच दिली. मी पाती फिरवायला निघाले तर त्यांनी थांबवलं. तुमच्याबद्दल, आपल्या गिरणीबद्दल मी त्यांना शिकतानाच सांगितलं होतं.

"तुझे वडील गेले तेव्हा कुठे होतीस?"

मी सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे नवी, आठव्या महिन्याची गरोदर, विमानात कोणी घेतलं नसतं. ओळखीचं कोणी नव्हतं. डोक्यावरून आंघोळ केली, तीन दिवस सुतक पाळलं, ते बंद फ्लॅटमध्ये. कोणाला सांगणार आणि कोण येणार?

ते जमलेल्यांकडे वळून म्हणाले, "पाती संध्याकाळपर्यंत अशीच राहू देत. हिचे वडील गिरणीवाले होते." आणि मग एकेकाने पुढे येऊन माझा हात हातात घेतला. "खेकोंडोलेर्त." पंपघरात मुलांना कोको देणारी वृद्ध बाई, पाववाला, माझ्याशी कधी न बोललेला शेतकरी. इतक्या वर्षांनी, धावत आलेल्या तुमच्या सोळा वर्षांच्या नातीदेखत. मी उभी राहून तुमच्यासाठी हात मिळवत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी. संध्याकाळी गुरुजी खुर्ची घेऊन रस्त्यावर बसले, मी मागे जाऊन दोर ओढला, आणि त्यांनी हात करून बरोबर जागी थांबवायला लावलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून जे तिथे कोणाला बोलले नाही ते लिहिते. ती रांग संपली तेव्हा मी फाटकाच्या बाहेर रस्त्याकडे पाहिलं. अजून कोणी येतंय का, तुम्ही येताय का, म्हणून.