नदीतला सखाराम आणि खालची बाथरूम

२६ डिसेंबर २०१६, सोमवार

सुट्टीचा पहिला दिवस. डिसेंबर म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात उन्हाळा; आज त्याचा प्लॅन पक्का केला. एक, खालची बाथरूम. दोन, मागच्या अंगणातला लाकडी डेक. तीन, नदी.

बाथरूमला डेडलाइन आहे. सासूबाई, म्हणजे सुचित्राच्या आई, १८ मार्चला पुण्याहून येतायत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढता येत नाही, टबची कड ओलांडणं तर सोडाच. म्हणून गेस्टरूमशेजारच्या बाथरूममधला टब काढून साधा सपाट शॉवर करायचा. सुचित्रा म्हणाली, प्लंबर बोलावू. मी म्हणालो, इंजिनिअर घरात असताना? तीन वीकेंडचं काम.

बॉक्सिंग डे सेलमध्ये शॉवरचा नळ आणायला गेलो. वेटसूट, मास्क, स्नॉर्कल आणि पाण्यातला टॉर्च घेऊन आलो. नळावर सेल नव्हता.

२८ डिसेंबर, बुधवार

टब काढला. म्हणजे फोडला. तो अखंड दारातून बाहेर निघत नाही, हे आधी मोजलं नव्हतं. फोडताना पाइपही फुटला. कारंजं छान उडालं. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शेजारच्या ट्रेव्हरला माहीत होतं, मला नव्हतं. ट्रेव्हर म्हणाला, त्याचा मित्र प्लंबर आहे, फोन करू का. मी त्याला 'स्वीट ॲज', म्हणजे सगळं झकास, म्हणून वाटेला लावलं.

घर माझं, पाइप माझा. शिकेन.

१ जानेवारी २०१७, रविवार

संकल्प: रोज एक तास बाथरूम. मगच नदी.

आज नवीन वर्ष, म्हणून आधी नदी. गावातल्या मनावतू नदीत पहिला डाइव्ह. फिट्झहर्बर्ट पुलाखाली पाणी गुडघ्यापर्यंतच आहे, त्यामुळे डाइव्ह आडवं पडून मारावा लागला. एक कुत्रा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. सापडलेला ऐवज: गोल्फचा चेंडू, ट्रॉलीचं चाक, डाव्या पायाची जँडल, म्हणजे रबरी चप्पल.

ऋग्वेदाला जँडल दाखवली. तेरा वर्षांची मुलगी, इतिहासाबद्दल कुतूहल नाही. "Dad, that's rubbish," म्हणून फोनमध्ये गेली. सुचित्रा पुलावरून जाताना नेहमीसारखे हात जोडत होती. तिला म्हटलं, ही काय कृष्णा आहे का? ती म्हणाली, वाहतं पाणी सगळीकडे वाहतंच.

८ जानेवारी, रविवार

काल बाथरूमच्या फरशा बसवल्या. सकाळी सगळ्या निघाल्या. सिमेंट जास्त पातळ झालं असावं, किंवा हवा. इथली हवा पुण्यासारखी नाही.

सुचित्रा लवकर झोपायला गेली. उद्यापासून तिचं ऑफिस सुरू. सायकलने पुलावरून पलीकडच्या रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जाते. दमली असेल.

१० जानेवारी, मंगळवार

सापडलं!!

ऑफिसनंतर सरळ पुलाखाली गेलो. दोन गोट्यांच्या मधे चमकलं. मधोमध भोक असलेलं तांब्याचं नाणं. घरी आणून भिंगाखाली धरलं. एक पैसा, इंडिया, १९४४.

मनावतू नदीत भोकाचा पैसा! म्हणजे १९४४ च्या सुमाराला इथे आपला कुणीतरी होता. शिपाई, खलाशी, नाहीतर फेरीवाला. संध्याकाळी पुलावर येऊन उभा राहायचा, घरची आठवण काढून पाण्यात पैसा टाकायचा. मी त्याचं नाव सखाराम ठेवलंय.

नाणं मायलोच्या डब्यात घालून गॅरेजमध्ये, डेकच्या फळ्यांच्या मागे ठेवलं. डेकच्या फळ्या गेल्या ईस्टरपासून तिथेच आहेत, तिकडे कुणी बघत नाही. शोध जाहीर होईपर्यंत घरातही बोलायचं नाही.

२२ जानेवारी, रविवार

वॉटरप्रूफिंगचा हात मारला. डब्यावर लिहिलंय की दोन दिवस वाळू द्यावं. मी दुपारीच त्यावर चालून बघितलं. बूट अजून तिथेच आहेत.

सुचित्राने आठवण करून दिली की दोन महिनेही उरले नाहीत. मी म्हणालो, दोन महिने म्हणजे आठ वीकेंड, माझं काम तीनचं आहे. शिवाय त्यातले काही झालेच आहेत.

२४ जानेवारी, मंगळवार

दुसरा पैसा! १९४३. पहिल्याच्या जवळच. इतका चकचकीत की काल कुणीतरी पितांबरीने घासला असावा. नदीच्या वाळूने हे होतं. निसर्गाची ताकद मोठी आहे.

सुचित्राला नाण्यांचं न सांगता सखारामबद्दल सूचक बोललो. म्हटलं, सत्तर वर्षांपूर्वी या गावात एक मराठी माणूस एकटा पुलावर उभा राहायचा, कल्पना कर. तिने विचारलं, त्याच्या घरी बाथरूम होती का?

६ फेब्रुवारी, सोमवार, वायटांगी डे (इथला राष्ट्रीय दिन)

सुट्टी. फरशा दुसऱ्यांदा बसवल्या, चिकटलेल्या बुटांच्या भोवतीने. या वेळी अगदी पक्क्या. बादलीभर पाणी ओतून उतार तपासला. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं आणि पॅसेजच्या कार्पेटमध्ये शिरलं. उतार उत्तम आहे, फक्त दिशा उलटी आहे.

सुचित्रा टॉवेलने कार्पेट टिपत होती. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरला असावा. तसा जेवायला पिझ्झा मागवला होता.

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकदम दोन!

आता एक नियम माझ्या लक्षात आलाय. घरात काही बिघडलं की दोन दिवसांच्या आत नदी मला काहीतरी देते. फरशा निघाल्या, पहिला पैसा. बूट चिकटले, दुसरा पैसा. कार्पेट भिजलं, दोन पैसे. म्हणजे नुकसान मोठं तर प्राप्ती मोठी. मी अंधश्रद्धाळू नाही, पण डेटा म्हणजे डेटा.

मनावरचं ओझं उतरलं. यापुढे बाथरूमच्या चुकांचा त्रास करून घ्यायचा नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

शॉवरची काच आली. एका बाजूने बोटभर मोठी. कापायला घेतली. टफन्ड काच कापता येत नाही, तिचा साबुदाणा होतो, हे आज कळलं. ट्रेव्हर कुंपणावरून म्हणाला, मेट, मित्राचा नंबर देऊन ठेवू? घेतला आणि वाळत घातलेल्या वेटसूटच्या खिशात कोंबला. माणूस चांगला आहे, पण सारखा मधे पडतो.

सुचित्रा म्हणाली, एक महिना राहिलाय शिरीष, आई त्या जिन्याने वर कशी जाईल? मी म्हणालो, तशी वेळच येणार नाही. तिने झाडू आणला.

२० फेब्रुवारी, सोमवार

नियम खरा ठरला. पाचवा पैसा. या वेळी भोकात लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला! म्हणजे सखाराम पलटणीतलाच. लाल हा त्याच्या तुकडीचा रंग असणार. सत्तर वर्षं पाण्यात राहून रंग जरासुद्धा उतरलेला नाही. त्या काळचे रंगच पक्के.

डॉक्टर प्रमोदला फोन केला. इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम तोच बघतो. म्हटलं, या वर्षी गाणी-नाच पुरे, मी स्लाइड्ससह भाषण देतो. विषय: मनावतूतले मराठे. त्याने विषय पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाला, दहा मिनिटं चालतील, जेवणाच्या आधी.

४ मार्च, शनिवार

आठवडाभर पाऊस. नदी गढूळ, नदीत जाता येत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये जावं लागलं. नळ बसवला. गरम फिरवला की गार येतं, गार फिरवला की काहीच येत नाही.

सुचित्राला म्हटलं, आईंना सांगून ठेवता येईल, उलटं फिरवायचं. ती म्हणाली, पाणी पडणार कुठे? कार्पेटवर? या प्रश्नात तथ्य आहे. उद्या बघतो.

९ मार्च, गुरुवार

पाणी निवळलं. आणखी दोन पैसे. एकूण सात. देवघरात दिवा लावताना सुचित्राच्या हातात तिची जुनी मखमली थैली होती. ती उघडून आत बघत होती. विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, काही नाही, संपत आलंय. कापूर असणार. इंडियन शॉपमधून आणायला हवा.

११ मार्च, शनिवार

आज एक काम पूर्ण झालं, सुबक झालं, वेळेत झालं. बाथरूमसाठी आणलेलं काचेच्या दाराचं कपाट हॉलच्या भिंतीवर लावलं. आतून काळं कापड, वर छोटा दिवा. सातही पैसे ओळीने. खाली पाटी: सखारामचा ठेवा. बाथरूममध्ये ते कुणाला दिसलं असतं? वरून टॉवेल टाकून झाकलंय. सासूबाई आल्या की उद्घाटन.

सुचित्राने विचारलं, हे बाथरूमचं कपाट ना? मी म्हणालो, सरप्राइज आहे. ती म्हणाली, मला एकच सरप्राइज हवं होतं.

१८ मार्च, शनिवार

सासूबाई आल्या. प्रवासाने पाय सुजलेले. पहिलं वाक्य, आंघोळ करते आधी.

खालची बाथरूम दाखवली. त्यांनी आत डोकावून पाहिलं, जमिनीला चिकटलेले बूट पाहिले आणि म्हणाल्या, छान मोठी आहे हो. मग जिन्याकडे गेल्या. पहिल्या पायरीवर बसल्या, दोन्ही हात मागे टेकले आणि बसल्या-बसल्याच एकेक पायरी वर सरकत गेल्या. सुचित्रा एका बाजूला, ऋग्वेदा दुसऱ्या. ऋग्वेदा सारखी म्हणत होती, "आजी, slowly, no rush." मधे एकदा त्या थांबल्या, डोळे मिटले, पुन्हा सरकल्या.

मी खाली उभा होतो. मला लाज वाटली. इथे दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१९ मार्च, रविवार

वातावरण हलकं करावं म्हणून चहाच्या वेळी उद्घाटन केलं. टॉवेल ओढला, दिवा लावला, सखारामची सगळी कथा सांगितली. पलटण, पूल, घरची आठवण.

सासूबाई कपाटाजवळ गेल्या. चष्मा लावला. म्हणाल्या, अगं सुचित्रा, हे तर तुझ्या आजीचे, माईंचे भोकाचे पैसे! देव्हाऱ्यात लाल दोऱ्यात ओवून ठेवायच्या त्या. तुला लग्नात थैलीत घालून दिले होते ना?

मी कपाटावरचा दिवा बंद केला.

मग सुचित्रा सावकाश बोलली. माझ्याकडे नाही, कपाटाकडे बघत. जानेवारीत फरशा निघाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ती पुलावर सायकल थांबवून उभी राहिली. माई पुलावरून जाताना पैसा टाकून मागणं मागायच्या, तसा तिने एक टाकला. आई यायच्या आत बाथरूम होऊ दे, एवढंच मागितलं. पुढे प्रत्येक वेळी काही बिघडलं की एक. कार्पेट भिजलं तेव्हा आणि नळ उलटा लागला तेव्हा दोन-दोन. काच फुटली तेव्हा गाठ सुटेना, म्हणून दोरा कापला. म्हणाली, शिरीष, दुसरं काय करणार होते मी? तू कुणाचं ऐकतोयस?

मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाई वळल्या. रागावल्या नव्हत्या. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, म्हणजे शिरीषराव, हिने नदीला दिलेलं दर वेळी तुम्हीच काढून आणलंत? मग नदी बिचारी काय करणार? तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

ऋग्वेदा पाच मिनिटं हसत होती. मग सुचित्राही हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला ते रडणं कांद्यावर ढकलता आलं नाही.

२० मार्च, सोमवार

प्रमोदला कळवलं, भाषण रद्द. कारण विचारलं. म्हणालो, संशोधनात नवा पुरावा पुढे आलाय. तो म्हणाला, छान, मग जेवण लवकर वाढू.

वेटसूटच्या खिशातून ट्रेव्हरच्या मित्राचा नंबर काढला. ओला झालाय, शेवटचे दोन आकडे पुसलेत. ट्रेव्हरकडे जाऊन पुन्हा मागावा लागला. त्याने पाठ केलेलाच होता. सासूबाई रोज तशाच बसून वर जातात. मी आता मागून हात धरतो.

८ एप्रिल, शनिवार

बाथरूम झाली. प्लंबर आला, कमी बोलला, बूट काढून दारात ठेवले. माझे बूट. आज सासूबाई स्वतःच्या पायांनी आत गेल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी नदीचं देणं परत करायला सगळे पुलावर गेलो. मीच टाकायचे, असं ठरलं होतं. एकेक पैसा हातात घेतला, टाकला, हात जोडले. मागायचं काही उरलं नव्हतं, तरी जोडले. कुठे पडतायत ते बघायचं नाही, असं सुचित्राने बजावलं होतं. बघितलं नाही.

सहाच टाकले. सातवा सुचित्राने माझ्या हातातून काढून थैलीत ठेवला. का, विचारलं. म्हणाली, डेक अजून बाकी आहे.