कपाटात ठेवायचं मीठ

माय, काल आपल्या घरी एक बाई आल्या होत्या, घर शुद्ध करायला. हातात झाडू नाही, फडकं नाही. काशाची वाटी आणि लाकडी दांडी. दांडी वाटीच्या काठावरून फिरवली की घूंऽऽ असा आवाज निघायचा, आणि त्या आवाजानं म्हणे घरातली वाईट ऊर्जा बाहेर पडते. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मग हळूच विचारलं असतंस, "वाटी कुठून घेतली वं बाई?"

त्यांना तुझ्या सुनेनं बोलावलं. सिडकोतल्या या घरात आल्यापासून तिला झोप नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बिचारी दिवसभर भिंत धरून चालते. म्हणून मी अडवलं नाही. आणि खरं सांगू, मलाही बघायचंच होतं. सगळ्या खोल्या झाल्या, तुझ्या लोखंडी कपाटापाशी मात्र वाटीचा आवाज बसका आला. मी कान देऊन ऐकला, खरंच बसका. बाई म्हणाल्या, "सर, हे सेकंडहँड आहे का? यात कुणीतरी अडकलंय. वाटीभर खडेमीठ आत ठेवा आणि सकाळी पाण्यात सोडा."

सेकंडहँड तर आहेच. मला अजून दिसतं: मी शाळकरी पोर, अण्णा ते शहागंजातल्या जुन्या बाजारातून हातगाडीवर घेऊन येतात, आणि तू दारातच हात आडवा धरतेस. "थांबा! कुणाचं काय काय असंल त्यात." मग मीठ-मोहरी ओवाळून टाकतेस, दर्ग्यातून आणलेला ऊद आत जाळतेस, आणि त्या लोखंडाशी बोलतेस, "जा बाई, आपल्या घरी जा." मी विचारतो, "माय, वाईटच जातं का? चांगलं बी जात असंल की." तू टपली मारतेस. "लई शाना झाला. धर ते फडकं."

काल तोच प्रश्न घेऊन मी कपाटासमोर उभा. आत तुझी लुगडी, तुझा चष्मा. मिठाचा गुण येत असेल, तर जाणार कोण? तूच ना! आणि येत नसेल, तर हिच्या झोपेचं काय? भीती वाटली गं. वाळूजच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारा माणूस मी, वाटीभर मिठाला भ्यालो.

हिला म्हटलं, ठेवलं. ठेवलं नव्हतं. मीठ परत बरणीत ओतलं. आणि आज सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तरी तुझी सून उठेना. चक्क घोरत होती! उठल्यावर म्हणाली, "गेलं बघा कपाटातलं. कसं हलकं वाटतंय."

मी म्हटलं, "व्हय, गेलं."

आता ती भाजी आणायला खाली गेलीय, म्हणून हे लिहितोय. ती यायच्या आत फाडूनही टाकीन. मीठ न ठेवता झोप लागली कशी, हे विचारायची फार खुमखुमी आहे, पण विचारू कुणाला? तिला रोज अशीच झोपू दे, माय. फक्त तू कुठं जाऊ नको.