बारा मार्चची भेट

३ एप्रिल २०२५
आसगावची रेवताबाई आज ऑफिसात आली. खेमराजची आई. खेमराज आमच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा रुग्ण — तिशीतला, वाकड्या करंगळीचा, तलावात मासे धरणारा, कानात आवाज येतात म्हणून दर महिन्याला गोळ्या नेणारा. तीन आठवडे झाले, बेपत्ता आहे. रेवताबाई सात मार्चला लेकीच्या बाळंतपणाला गेली. चौदाला परतली तर घर उघडं, हा नाही.

गावच्या आशाताईनं तिला सांगितलं, पोर्टलवर बारा तारखेची गृहभेट दिसते. म्हणून भेट घेणारीला शोधत आली. म्हणजे मला.

"म्याडम, तुमाले भेटला ना तो? जेवला होता का?"

मी म्हटलं, हो. जेवला होता.

४ एप्रिल
खरं इथे तरी लिहावं. मी त्याला भेटलेच नाही. त्या दिवशी अकरा घरं बाकी होती. भेटी पूर्ण दिसल्याशिवाय पोर्टल पुढचं अनुदान सोडत नाही — त्यातच आमचे पगार, त्यातच त्याच्या गोळ्या. लक्ष्मणराव साहेब सकाळपासून फोन करून राहिले होते. ॲपला घराच्या आसपासचं लोकेशन चालतं. तलावाच्या पाळीवर गाडी थांबवली, लांबूनच घराचा फोटो काढला, 'रुग्ण भेटला, प्रकृती स्थिर' दाबलं. गाडीवरून उतरलेही नाही!

९ एप्रिल
तो फोटो रोज मोठा करून बघते. दार उघडं आहे. आत काहीच दिसत नाही.

११ एप्रिल
हवालदार आला होता. बारा तारखेच्या भेटीचा लेखी जबाब हवा म्हणे. चहा पिता पिता सहज बोलला — दहा मार्चला वैनगंगेत एक प्रेत सापडलं होतं, याच वयाचं. कोणी ओळखायला आलं नाही.

"पन तो तुमचा नाही. तुमचा तं बाराले जित्ता होता."

म्हणून पोलिसांनी म्हातारीला त्या प्रेताचा फोटोसुद्धा दाखवला नाही. माझ्या त्या एका बोटामुळे! जबाब नंतर देते म्हटलं.

१२ एप्रिल
नोंद बदलायला गेले. होत नाही. वर्षाचा अहवाल वर गेला, सगळं कुलूपबंद.

लक्ष्मणरावांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. एक नोंद खोटी निघाली तर जिल्ह्यातल्या सगळ्या भेटी उकरतील, अनुदान थांबेल, बाकीच्यांच्या गोळ्या बंद होतील — असं बराच वेळ समजावत राहिले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच. मग हळूच म्हणाले, "अंजू, सांगून तो परत येनार आहे का?"

१५ एप्रिल
औषधवाटपाच्या यादीत त्याचं नाव आलं. पुढची नावं वाचता आली नाहीत.

१७ एप्रिल
आसगावला गेले. यावेळी दारापर्यंत.

शेजारीण आधी भेटली. म्हणाली, रेवताबाई आजकाल सगळ्यांना सांगत असते, सरकारी बाईनं पाह्यलं, पोरगा जेवून होता, बरा होता. मीच ती बाई, हे तिला सांगितलं नाही.

रेवताबाई अंगणात जाळं विणत होती. समोर बसून सगळं सांगितलं — मी आलेच नव्हते, तो दिसलाच नव्हता, नदीतलं ते प्रेत दहा तारखेचं. ती शिव्या देईल, मारेल असं वाटलं होतं. तिचे हात विणतच राहिले. मग म्हणाली, "म्हंजे त्याले कोनीच नाही भेटलं."

शनिवारी पोलीस ठाण्यात त्या प्रेताचा फोटो बघायला सोबत जायचं ठरलं. मी खरा जबाब लिहून नेणार आहे.

१९ एप्रिल
हवालदारानं फोटो पुढे केला. रेवताबाईनं त्यातल्या हाताच्या वाकड्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं. किती तरी वेळ. कुरवाळल्यासारखं. मग हवालदाराकडे बघून म्हणाली, हा माहा पोरगा नाही.

माझा कागद पर्समध्येच राहिला. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"पोरी, बारा तारीख राहू दे तशीच."