चिपला हात न लावण्याचे दिवस

२ मे
कडुबा गंगापूरहून एसटीनं आला. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला जुना फ्लॉपी ड्राइव्ह आणि एकच फ्लॉपी. तिच्यात त्याच्या बायकोनं, गीतावहिनींनी, रचलेली सगळी गाणी. दुसरीकडं कुठंच उतरवलेली नाहीत. सतरा तारखेला वहिनींना जाऊन वर्ष होतंय, त्या दिवशी पुण्यानुमोदन. त्याआधी निघायला हवीत.
चाळीस वर्षं मी निर्भयतेवर बोलतोय. म्हणालो, सोड माझ्यावर. वहिनी माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असायच्या. गाण्यांत माझ्या भाषणांचा निखारा असणारच. पहिलं गाणं मीच वाचणार, असंही सांगून टाकलं.

३ मे, सकाळी ८
मॅन्युअल वाचलं. फ्लॉपी नंतरच्या मॉडेलवर भरलेली, ड्राइव्ह आधीचा. त्याला हुकूम देणारी फर्मवेअरची चिप बदलली की वाचेल. पुण्याहून मागवली.
पान ४१: अंगातल्या विजेनं चिप मरू शकते. पुस्तक मिटलं. विजेशी माझं पहिल्यापासून जमत नाही. एक्याण्णव साली गंगापूरच्या सभेत फ्यूज उडाला, तेव्हा सावधगिरी म्हणून मी टेबलाखाली बसलो होतो. लोक विसरले असतील.

६ मे
चिप आली. चोवीस पाय, गोमेसारखे. वर स्टिकर: 'आवृत्ती ५'. लेबलावर विश्वास ठेवू नका, हे मी आयुष्यभर सांगत आलो. खरा नंबर बघायला स्टिकर चिमट्यानं सोलला. खाली इवलीशी काच. नंबर नाही. डिंक स्पिरिटनं पुसला आणि चिप चिमट्यानंच गच्चीवर ठेवली, बायकोनं, लक्ष्मीनं वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी. ऊन सगळं शुद्ध करतं.

७ मे
आणायला गेलो. हात पुढं केला. पान ४१ आठवलं. चिमटा लोखंडी आहे, हेही आत्ताच लक्षात आलं. उद्या.

९ मे
रबरी हातमोजे शोधले. नाहीत. लक्ष्मी म्हणाली, "शेजारच्या कुरडया बरोबर उचलता." कुरडईत वीज नसते, हे तिला कोण सांगणार?

११ मे
कडुबाचा फोन. "काकासाहेब, निघतील ना? तिचं बोलणं तेवढंच राह्यलंय बघा." म्हणालो, काम अंतिम टप्प्यात आहे. छातीत धडधड. बहुधा उन्हाळा.

१५ मे
शेवटी लक्ष्मीनंच चिप उचलून डबीत घालून माझ्या हाती दिली. पुंडलिकनगरला प्रेरणाचं दुकान आहे, जुने रेडिओ-कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिनं चिप बघितली आणि विचारलं, "काका, काच उघडी कुणी ठेवली? उन्हानं चिप पुसली जाते. कोरी झालीये ही."
स्टूल मागितलं. कडुबाचा चेहरा डोळ्यांपुढं.
ती म्हणाली, चिपमधलं पुसलेलं पुन्हा भरता येतं, फ्लॉपी उन्हात ठेवली नाही ना? नव्हती. फ्लॉपीला हात लावायचीही भीती वाटली होती. सावधगिरीचा असा फायदा होतो.

१६ मे
गाणी निघाली. प्रेरणानं छापून पाकिटात दिली. आधी वाचून बघितली नाहीत. कुठलाही मजकूर मी ऐनवेळी पेलतो.

१७ मे
मंडप भरलेला. पाकीट फोडलं आणि खड्या आवाजात सुरुवात केली:
"सभेत गर्जला सिंह बाई, थरथरली सारी आळी,
फ्यूज उडाला फटकन, सिंह टेबलाखाली."
थांबता येईना. अकरा कडवी होती. आवाज कापायला लागला. मागं कुणी तरी म्हणालं, साहेबांना लई दुःख झालंय.
कडुबा डोळे पुसत हसत होता. वर्षात पहिल्यांदा. म्हणाला, "परत एकदा वाचा."
वाचलं.