फायलीतली बाई

३ मार्च
अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. डॉक्टरांनी हे मला नाही, मुलाला सांगितलं. मी मध्येच व्हीलचेअरमध्ये बसले होते, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखी.

व्हीलचेअरचं कारण वेगळंच! तपासणी चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टवाला फक्त व्हीलचेअर नाहीतर स्ट्रेचर घेतो. म्हणून मुलाने बसवलं. अठ्ठ्याहत्तर वय असलं तरी घरचा बाजारहाट मीच करते. डॉक्टरांनी खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं — रुग्ण चालू शकत नाही. ऑपरेशन झेपणार नाही. एकच औषध, तेही कमी मात्रेत, मिळतील तितके दिवस. मी म्हटलं, अहो, मी चालते. मुलाने माझ्या खांद्यावर थोपटलं.

६ मार्च
एकटीच गेले, दुरुस्ती करून घ्यायला. व्हीलचेअर नाही म्हणून लिफ्ट नाही. चार मजले चढले — पोटात पाणी साठलेलं, वाटेत तीनदा बसले. वरच्या खिडकीतल्या बाईने फाइल उघडली. म्हणाली, या रुग्णाला चालता येत नाही, तुम्ही तर चालत आलात, म्हणजे ही फाइल तुमची नाही. नातेवाईक असाल तर रुग्णाला घेऊन या.

मी पोस्टात बत्तीस वर्षं अशाच खिडकीमागे बसले. किती जणांना हेलपाटे घालायला लावले असतील! बाईचं काम चोख होतं, हे मला कळत होतं. त्यामुळेच जास्त राग आला.

७ मार्च
पाय सुजलेत. पडून होते. मुलाला जिन्याचं सांगितलं नाही.

१० मार्च
ओळखपत्र नेलं. फोटोतली बाई मीच, हे मान्य झालं. ती चालते, हे मान्य व्हायला वेगळा अर्ज! चौदा तारखेला वृद्धांची चाचणी — खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. जमलं तर पूर्ण उपचार: दोन औषधांचे तीन डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा डोस. नाही जमलं तर फायलीतल्या बाईचं जे व्हायचं ते माझं.

घरी सराव सुरू केला. सून मोबाइलवर सेकंद मोजते. मुलाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मध्येच म्हणाला, "आई, कशाला जिवाचा आटापिटा करतेस?" सुनेने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तो माझ्या वाटेतच बसला होता.

१४ मार्च
नऊ सेकंद! चाचणी घेणारी मुलगी म्हणाली, आजी, पळायचं नव्हतं. मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं. मग विचारलं, अंघोळ स्वतःची स्वतः करता का? माझ्याआधी मुलगाच म्हणाला, "कधी कधी." मी म्हटलं, रोज, स्वतःची स्वतः. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मला कुणी अंघोळ घातलेली नाही.

निकाल तिथल्या तिथे लागला. उपचारांना पात्र. खाली जायला शिपाई व्हीलचेअर घेऊन आला, नियमच आहे म्हणे. बसले. खरंच दमले होते.

१५ मार्च
पहिला डोस सोमवारी. आज चहा घेताना मुलगा म्हणाला, "मीच सांगितलं होतं डॉक्टरांना, तुला चालवत नाही म्हणून. ऑपरेशनच्या टेबलावरून तू उठलीच नाहीस तर, आई?" चोपन्न वर्षांचा माणूस, चहावरची साय चमच्याने बाजूला करत बसला.

रागवणार होते. मग लक्षात आलं — मला चालता येतं, हे मी इमारतभर पटवत फिरले. मला अजून जगायचंय, हे त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.