टपलीचा वचपा

२ फेब्रुवारी, हुपरी
आज ठरलं. वचपा काढायचा. माझ्याशेजारी कामाला बसणाऱ्या राजवीरनं सगळ्या चांदीच्या कारखान्यासमोर माझ्या टाळक्यात टपली मारली. म्हणाला, शाहूवाडीचं पावणं, पैंजण करताय का म्हशीची साखळी? सगळी हसली. मी पण हसलो, पण ते आतला राग दिसू नये म्हणून.

३ फेब्रुवारी
आज काढणार होतो. राजवीर तालमीतनं आला. दंड बघितलं. उद्या.

५ फेब्रुवारी
हितल्या लोकास्नी वचपा म्हणजे काय त्येच कळत न्हाय. काल लाइट गेलती, तर मालक श्रीपाल अण्णा म्हणाले, आज वचपा काढा, जादा बसा. त्यांची थोरली बहीण आक्का, तिचा काल उपास. आज पोटभर जेवून म्हणाली, काढला बाई वचपा. जेवून वचपा? वचपा म्हणजे समोरचा थरथरला पाहिजे. मी लिहिताना थरथरतोय ते थंडीनं.

६ फेब्रुवारी
राजवीरनं नाव घेऊन हाक मारली. कळलं वाटतं ह्याला. पक्कड मागितली फक्त. दिली. दोन दिल्या.

७ फेब्रुवारी
प्लॅन फायनल. तो जेवायला बसला की गॅलरीतनं त्याच्या नव्या गाडीवर खरकटं पाणी ओतायचं. तोंड दाखवायचं न्हाय. ह्याला भित्रेपणा न्हाय, गनिमी कावा म्हणत्यात.

९ फेब्रुवारी, दुपार
मेलो. राजवीर जेवायला बसला. दिसली ती बादली उचलली, ओतली. आक्का किंचाळली. ती कारागिरांची हात धुवायची बादली! हाताचा चांदीचा कीस त्यात उतरतो, म्हणून ते पाणी हुपरीत शेंबडं पोरगं पण सांडत न्हाय. सगळी चांदी राजवीरच्या सायलेन्सरवर. अण्णा म्हणाले, कापडं भर, गावाकडची, मलकापूरची एसटी पकड. आईनं वाडीभर सांगितलंय, माझा ल्योक कारागीर झाला म्हणून. कुठल्या तोंडानं जाऊ?

संध्याकाळ
सगळा कारखाना रस्त्यावर, सांडलेल्या चांदीसाठी माती झाडून पोत्यात भरतोय. मी खाली परात धरून गाडी धुतोय. राजवीर आला. मी डोळं मिटलं. तो अण्णांना म्हणाला, पोरगं आपल्या मनानं माझी गाडी धुवायला गेलं, बादली चुकली. एवढ्यासाठी घरी धाडताय व्हय? ऱ्हाऊ द्या की. अण्णा म्हणाले, बरं, ऱ्हाऊ दे. खरं सांगावं असं एकदा वाटलं. पण त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. लय जड हाय.

१५ फेब्रुवारी, रविवार
नोकरी टिकली. राजवीर म्हणाला, दर रविवारी धुशील न्हवं? त्या दिवशी साबण लावायचा राहिला बघ. व्हय दादा, म्हणालो.
साबण आणला. वासाचा.