शिखा पुन्हा कोर्टावर

तीर्थरूप अण्णांस शिकागोहून मालनचा नमस्कार. देवासला तुम्ही बीपीची गोळी वेळेवर घेता ना?

भाचीच्या गुडघ्याची काळजी सोडा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्क्वॅश बंद केला, तेव्हा शिखा जेवेना. आता रॅकेटबॉल खेळते. स्क्वॅशचा चेंडू जमिनीलगत राहतो, सारखं वाकावं लागतं. हा छान उसळतो, उभ्यानं मारता येतो.

काल नवऱ्याशी खेळताना तिचा चेंडू छताला लागला. स्क्वॅशच्या सवयीनं मी ओरडले, "आउट!"

जावई धीरज हसला, "आई, इथं छत भी चालतं. लेकीलाच हरवता का?"

शेवटी तोच हरला. घरी शिखाचा गुडघा थोडा सुजला होता. रागवायला गेले, पण तिचा खुललेला चेहरा पाहून बर्फ आणून दिला.

वहिनींना फक्त जिंकल्याचं सांगा.

तुमची धाकटी,
मालन